गल्लीत आखलेली पुराची रेघ : बडोद्यातील एका सहभागी कलाप्रयोगाचे प्रकरण

सार्वजनिक गणेशोत्सवातील सामाजिक देखाव्यांची एक ठरलेली रीत आहे. विषय मंडळ निवडते, चित्रे आणि पुतळे कलाकार करतो, ध्वनिमुद्रित निवेदन लागते, आणि रांगेतून पुढे सरकणारा माणूस 'पाणी वाचवा' किंवा 'मुलगी शिकवा' हे वाचून, मान डोलावून, प्रसाद घेऊन घरी जातो. त्या देखाव्यात त्याला करण्यासारखे काही नसते आणि बोलण्यासारखे त्याहून कमी असते, कारण तेथे लिहिलेल्या वाक्याशी कोणाचा मतभेद होण्याची शक्यताच ठेवलेली नसते. बडोद्याच्या एका जुन्या वस्तीतील मंडळाने २०२५ च्या उत्सवासाठी पुराचा विषय घेतला, तेव्हा देखाव्याऐवजी गल्लीतील घरांच्या भिंतींवर आदल्या वर्षीच्या पाण्याची रेघ आखण्याचे ठरवले, आणि ती रहिवाशांनी स्वतः आखायची असेही ठरले. या कामात मी कलाशिक्षक या नात्याने मदतीला होतो. गल्लीचे आणि तेथील माणसांचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे जी बोलणी झाली त्यांतील काही अजून मिटलेली नाहीत.

जागा आणि पूर

विश्वामित्री पावागडावर उगम पावते, बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. एरवी तिच्याकडे शहराचे लक्ष जाते ते तिच्यातील मगरींमुळे. शहराच्या वरच्या अंगाला, पिण्याच्या पाण्यासाठी महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात बांधलेला आजवा जलाशय आहे, आणि वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की शहरातील आभाळ मोकळे झाल्यानंतरही नदीचे पाणी चढत राहते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नेमके तेच झाले. काळा घोडा पुलाजवळ, जेथे सुमारे २६ फूट ही धोक्याची पातळी मानतात, तेथे नदी ३५ फुटांच्याही वर गेली. गोकुळाष्टमीला सुरू झालेला पूर ओसरायला काही दिवस लागले आणि लगेच ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली. त्या वर्षी मंडळाने मूर्ती बसवली, पण मांडव घातला नाही.

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि २००५ मध्येही ही गल्ली पाण्यात होती. गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी, नंतर आलेली गुजराती कुटुंबे, काही नवे तीन-चार मजली फ्लॅट आणि त्यांच्या मध्ये अडकलेल्या, भाड्याने दिलेल्या तळमजल्याच्या खोल्या, अशी तेथील रचना आहे. मराठी घरांत मंडळाचा वावर अधिक आहे, आणि भाडेकरू वर्गणी देत असले तरी बैठकीला येत नाहीत. ही गोष्ट तेव्हा कोणाला विशेष वाटत नव्हती.

२०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीतील गाळ काढून पात्र रुंद करण्याचे काम शहरात जोरात चालू होते. त्यामुळे 'आता पुन्हा येणार नाही' आणि 'बघा, येणारच' असे दोन पक्ष चहाच्या टपरीवर आपोआप पडले होते. मंडळातील तरुणांनी याचा फायदा घ्यायचा म्हणून प्रथम कोपऱ्यावर एक मोठा कागद लावला आणि वर लिहिले, 'पुराबद्दल तुम्हाला काय वाटते?' त्यावर आठवडाभरात 'झाडे लावा', 'नदी आपली आई आहे' आणि एका राजकीय पक्षाची घोषणा, एवढेच जमा झाले. माणसांना मत विचारले की ती सभेतले बोलतात, हे शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या कोणालाही माहीत असते. 'तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत आले होते?' या प्रश्नाला मात्र सभेतले उत्तर नसते. तो प्रश्न मंडळाच्या खजिनदार काकूंनी सुचवला, आणि सगळा प्रयोग त्यावर उभा राहिला.

असे काम याआधी कोणी केलेच नव्हते असे नाही. ईव्ह मोशर या अमेरिकन कलावंत बाईंनी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या किनारी भागात, समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीवर, मैदानावर आखणी करण्याच्या यंत्राने निळ्या खडूची लांबच लांब रेघ ओढली होती. वादळात पाणी कुठवर येऊ शकेल हे दाखवणारी ती रेघ होती, आणि ती ओढताना 'हे काय चालले आहे' असे विचारायला थांबणाऱ्या माणसांशी होणारे बोलणे हाच त्या कामाचा गाभा होता. तिची रेघ व्हायच्या गोष्टीची होती, गल्लीची होऊन गेलेल्या गोष्टीची. या फरकाने बरेच काही बदलते. भविष्याची रेघ नकाशावरून काढता येते, म्हणजे ती जाणकाराच्या हातात राहते. झालेल्या पुराची उंची ज्याच्या घरात पाणी शिरले त्यालाच माहीत असते आणि कलाशिक्षकाला ती विचारून घ्यावी लागते.

नळीने जुळवलेली रेघ

पहिल्या रविवारी प्रत्येक घराने आपापल्या आठवणीप्रमाणे दाराच्या बाजूला खडूची खूण केली. आठवणी भलत्याच वरखाली निघाल्या. एका घराची खूण दाराच्या कडीशी, शेजारच्या घराची तिच्याहून हातभर वर, आणि समोरच्या आजोबांची थेट चौकटीच्या माथ्याला. "काका, तुमच्याकडे वेगळी नदी आली होती का?" असे एका पोराने विचारले आणि पहिला हशा झाला. गल्लीतल्या एका बेननी मात्र हसता हसता खरा मुद्दा काढला : "पाणी तो बधे सरखुं ज हतुं ने!" साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग एका लहान गल्लीपुरता तरी सपाट असणार, मग खुणा एका पातळीत का नाहीत?

येथे गवंड्याची नळी आली. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी पाण्याने भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन टोके दोन भिंतींना धरायची. दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की ते एकाच पातळीत असते. जोते आखताना किंवा फरशी बसवताना हीच नळी वापरतात. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका भाडेकरूचा हा रोजचा धंदा होता, आणि मंडळाच्या कामात त्याला पहिल्यांदाच बोलावले गेले. तो एका टोकाला उभा राहून "थांबा... थोडं खाली... बस्स" असे सांगे, दुसऱ्या टोकाशी शाळेतली मुले नखाने खूण करत, आणि मागून एक काकू गेरूत बुडवलेल्या कुंचल्याने ती खूण पक्की करत. भिंतीला धरून राहावा म्हणून गेरूत थोडा डिंक घातला होता. गुळगुळीत टाइल्स लावलेल्या नव्या घरांवर गेरू टिकेना, तेथे लाल चिकटपट्टी लावावी लागली.

सुरुवातीची पातळी कोठून घ्यायची यावर मोठा खल झाला. शेवटी आठवण बाजूला ठेवून पुरावे बघायचे ठरले. विजेच्या मीटरच्या पेटीत सुकलेल्या गाळाची कड, लाकडी कपाटाच्या आतल्या बाजूला राहिलेला तपकिरी पट्टा, जिन्याखालच्या न रंगवलेल्या भिंतीवरची ओल, अशा खुणा घराघरांतून शोधण्यात आल्या. त्यासाठी लोक एकमेकांच्या घरांत शिरले. हा भाग कोणी योजलेला नव्हता, पण माझ्या मते प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता. वर्षानुवर्षे दारातूनच बोलणारी माणसे शेजाऱ्याच्या आतल्या खोलीत वाकून कपाटाचा तळ बघत होती. समोरच्या आजोबांची चौकटीच्या माथ्याची खूणही उगाच नव्हती : ते २००५ चे पाणी सांगत होते आणि त्यांच्याकडे मोरीच्या भिंतीवर त्याची कोरलेली खूण होती. मग २०२४ ची सलग रेघ आणि २००५ ची तुटक, अशा दोन रेघा ठरल्या.

रेघ पूर्ण झाली तेव्हा ती अर्थात सरळ दिसत होती, आणि तिच्यामुळे घरे वरखाली दिसू लागली. एका नव्या इमारतीत ती जोत्याच्या दगडालाच घासून जात होती. तेथे पाणी घरात शिरलेच नव्हते. दोन घरे पलीकडे, भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत, तीच रेघ खिडकीच्या गजांवरून गेली होती. पूर सर्वांवर सारखाच आला, असे वर्षभर ज्या गल्लीत म्हटले जात होते तिच्यात हे वाक्य त्या संध्याकाळनंतर पुन्हा ऐकू आले नाही.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. वयस्कर मंडळींना आठवत होते की पूर्वी रस्त्यावरून घरात जायला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागत. रस्त्यावर दर वेळी जुना थर न खरवडता नवा थर पडला आणि रस्ता वर आला. आता त्याच घरांत पायरी उतरून जावे लागते. त्यानंतर ज्याला परवडले त्याने घर पाडून जोते उंच घेतले. ज्याला परवडले नाही, किंवा ज्याचे घर स्वतःचे नव्हते, तो खड्ड्यात राहिला. प्रत्येक नवे जोते आपल्यापुरते बरोबर होते. त्या सगळ्यांनी मिळून पाण्याची वाट कोणत्या दारांकडे वळवली, हे रेघ आखेपर्यंत कोणी एकत्र पाहिले नव्हते.

रेघेखालची चित्रे

दुसरा टप्पा बायकांनी सुचवला. रेघेच्या खाली, पाण्यात काय गेले ते प्रत्येक घराने काढायचे, आणि वर, काय वाचवले ते. रांगोळीच्या सवयीचे हात असल्याने चित्रे भराभर उतरली. बडोद्याला ललित कला विद्याशाखेमुळे (स्थापना १९५०) चित्रकारांची वाण नाही, आणि तिची दोन विद्यार्थी मंडळी मदतीला आलीही होती. त्यांना फक्त रंग कालवायला आणि उंचावरची चित्रे पूर्ण करायला सांगितले होते. एकाने एक सिलिंडर फार सुबक काढला, तेव्हा त्या घरच्या आजींनी तो पुसायला लावला, कारण "आमचा असा उभा नव्हता, आडवा तरंगत होता."

गहू भरलेली पिंपे, फ्रिज, दुचाकी, लग्नाचे अल्बम, देवघरातील टाक. बहुतेक घरांत चित्रे अशीच होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका बाईंनी शिवणयंत्र काढले आणि त्याभोवती चौकोनांची गर्दी केली. विचारल्यावर कळले की त्या फॉल-पिको आणि ब्लाउजचे काम करतात, आणि ते चौकोन म्हणजे लोकांच्या साड्या होत्या. पुरात भिजलेल्या, रंग उतरलेल्या साड्यांची भरपाई त्या वर्षभर शिलाईतून वळती करून देत होत्या. त्यांतल्या काही साड्या गल्लीतल्याच होत्या. म्हणजे ज्या काकूंनी "असू दे गं, पैसे नंतर कापून घेऊ" असे म्हटले होते, त्याच आता हातात कुंचला घेऊन त्या चित्रासमोर उभ्या होत्या. तेथे कोणी रडले नाही की भाषण केले नाही. "किती राहिलेत?" "तुमचे दोनच झालेत, वहिनी." एवढे बोलणे झाले. मदतीच्या यादीत त्यांचे नाव का नव्हते ही चौकशी मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाली, आणि घराचे कागद, वीजबिल, सगळे मालकाच्या नावावर असल्याने पाहणीच्या वेळी तळमजल्याच्या खोल्या मालकाच्या घरात धरल्या गेल्या, असे त्यांच्या आणि इतर दोन भाडेकरूंच्या सांगण्यातून पुढे आले. मालक त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी ते नाकारले नाही. मला कोणी विचारले नाही, एवढेच ते म्हणाले.

सहभागी कलेच्या चर्चेत नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव परिसरात, स्थानिक आदिवासी कलाकारांसोबत केलेल्या 'नलपार' या कामाचा उल्लेख नेहमी होतो. हातपंपाभोवतीची जागा त्यांनी अशी घडवली की पाणी साचू नये आणि भरलेले भांडे डोक्यावर घेताना बाईला ते मध्ये टेकवायला योग्य उंचीचा कट्टा असावा. तो कट्टा किती उंच हवा, हे रोज भांडे उचलणारीच सांगू शकते. शिवणयंत्राच्या चित्राचे मोल मला याच कारणाने वाटते. ते चित्र म्हणून साधारणच होते, पण त्यातली माहिती गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

जिथे रेघ तुटली

सर्वांनी हौसेने भिंती दिल्या असे चित्र उभे करणे खोटे ठरेल. एका घरमालकांनी स्पष्ट नकार दिला. "उद्या घर विकायला काढले, तर गिऱ्हाईक ही रेघ बघूनच परत जाईल," असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अवास्तव नव्हते. रेघ त्यांच्या भिंतीच्या एका बाजूला थांबून दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू झाली. मुलांनी तोड काढली : दोन शेजारघरांच्या खिळ्यांना लाल नाडा बांधून त्यांनी रेघ भिंतीला न टेकवता हवेतून पुढे नेली. मालकांनी संध्याकाळी तो नाडा सोडून मुलांच्या हातात दिला आणि मंडळाने पुन्हा बांधू दिला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. नकार देण्याची सोय नसेल तर सहभागाला अर्थ राहत नाही, आणि चलाखीने मिळवलेली संमती शेजारात फार दिवस खुपते.

गंमत अशी की त्या मोकळ्या जागेवरच सर्वाधिक वाद झाला. घर घेणाऱ्याला पुराची पातळी कळण्याचा हक्क आहे की नाही? मग विकणाऱ्याने आयुष्यभराच्या पुंजीवर पाणी सोडायचे का? भाड्याने खोली देताना सांगायचे की नाही? या शेवटच्या प्रश्नावर गल्लीतल्या प्रतिष्ठित मंडळींना एकदम कामे आठवू लागली.

दुसरी तूट वेगळी होती. गल्लीतल्या घरांत धुण्याभांड्यांना येणाऱ्या बायका नदीकाठच्या वस्तीत राहतात. तेथे पाणी सर्वांत आधी आणि सर्वांत उंच आले. त्यांतल्या एकीला काकूंनी कुंचला दिला तेव्हा तिने विचारले, "आमची भिंतच वाहून गेली, मी कशावर काढू?" मांडवाचा एक बांबू तिला दिला गेला आणि तिने आपल्या डोक्याच्या वर हात नेऊन त्यावर पट्टा ओढला. नळी तेवढ्या लांब पोहोचत नव्हती, त्यामुळे तो पट्टा मोजलेला नव्हता, आणि दोघा-तिघांनी तसे बोलूनही दाखवले. खरे तर गल्लीतल्या पहिल्या खुणाही आठवणीच्याच होत्या. त्यांच्या बाजूने कपाटे आणि मीटरच्या पेट्या साक्षीला उभ्या राहिल्या. जिचे कपाटच उरले नाही तिच्या शब्दाला पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा अर्धवट राहिला. नदीकाठची वस्ती या प्रयोगात पाहुणीच राहिली, हे या प्रकरणातले मोठे न्यून आहे, आणि ते भरून काढायचे तर रेघ गल्लीपासून नदीपर्यंत न्यावी लागेल. त्यासाठी मंडळाची तयारी अजून दिसत नाही.

त्यानंतर

२७ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे पुराला बरोबर वर्ष होत असताना, गणपती बसले. मांडवात आरास साधी होती. दर्शनाला आलेल्यांना मुले रेघेच्या कडेने गल्ली फिरवून आणत आणि ज्या त्या घरापाशी त्या घरचे कोणी तरी बोलत असे. बाहेरचे पाहुणे बहुतेक फोटो काढून गेले. उपयोगाची बोलणी आरतीनंतर, खुर्च्या आवरताना झाली.

त्यांतून दोन गोष्टी ठरल्या. एक, पाणी चढू लागले की कोणत्या तळमजल्याने कोणाच्या जिन्याने वर जायचे याची यादी झाली आणि गच्चीच्या किल्ल्या कोणाकडे असतील हे मांडवातच लिहून लावले गेले. २०२४ मध्ये दोन गच्च्यांना रात्रभर कुलूप होते, हे तोवर फक्त खालच्यांना माहीत होते. दोन, गटाराची दोन तोंडे मोटारीसाठी केलेल्या काँक्रीटच्या उतारांखाली गाडली गेली होती. त्यांतला एक उतार मालकाने स्वतः फोडून लोखंडी जाळी बसवली. दुसरा अजून आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या साड्यांचा हिशेब गल्लीतल्या घरांनी आपसांत मिटवला. मदतीच्या यादीबाबतचा अर्ज गेला आहे, उत्तर आलेले नाही.

दिवाळीनंतर गल्लीतल्या एका जुन्या घराचे पाडकाम निघाले. नवे जोते किती उंच घ्यायचे हे ठरवण्यासाठी मालकाने त्याच गवंड्याला बोलावले आणि शेजारच्या भिंतीवरच्या गेरूच्या रेघेवर नळी धरायला सांगितली. रेघेच्या वर दीड फूट जोते घेण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांच्या डाव्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची ती ओळ आहे. गवंडी तिथेच राहतो. त्याने माप दिले, आणि मग मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून सांगितले की या जोत्याबद्दल बैठक बोलवा, आणि या वेळी आम्हालाही बोलवा.